लाल चिठ्ठी, निळी चिठ्ठी

५ जानेवारी

स्पॅनिशवाल्यायचं डोकं ठिकाणावर नाही! प्रत्येक नामाच्या आधी 'एल' नाहीतर 'ला' – बाप्या का बाई ते आधी सांगा, मग पुढं बोला. 'ते' नाहीच! लेकरू, घर, भांडण, सगळ्यायनं या दोनच रांगांत उभं राहायचं. चंद्र तर तिकडं चक्क बाई. ऑनलाइन क्लासच्या मंजुश्री मॅडम म्हणल्या, "का विचारायचं नाही, पाठ करायचं."

हे तर बाबाही म्हणतेत. त्यायची फी नाही लागत.

८ जानेवारी

घरभर चिठ्ठ्या चिकटवल्या. लाल म्हणजे ला, निळी म्हणजे एल. फ्रिज, अलमारी, शिलाई मशीन, पलंग – काहीच सोडलं नाही. टीव्ही तेवढा राह्यला, बाबा बातम्या पाहून राह्यले होते.

आई – "पंख्याले निळी काऊन वं?"

"बाप्या आहे तो."

"म्हणूनच दिवसभर नुसता फिरते!"

१३ जानेवारी

२४ ले पुण्यात स्पॅनिशची परीक्षा. पास झाली का तिथंच नोकरी. बाबा म्हणतेत, "एकटी पुण्याले जायचं नाही, संजीवनी. आदितवारी पाहुणे येऊन राह्यले तुले पाहाले."

रडली. मग बाबांच्या मिशीवर निळी चिठ्ठी लावायचं मनात आलं. हिंमत नाही झाली.

१८ जानेवारी, आदितवार

चिठ्ठ्या काढायच्याच राह्यल्या! पोराचे मामा शेषराव माझ्याकडं कमी, भिंतीकडं जास्त पाहत होते. आपल्याकडं आंदणाच्या भांड्यायवर चिठ्ठ्या असतेतच – त्यायले वाटलं, हे सगळं पोरीसंगं येणार! बाबांले म्हणतेत –

"फ्रिज, अलमारी, पलंग... मोठ्या मनाचे हा तुम्ही उकंडराव! पोरगी पसंत आहे."

मग पोहे चावत – "टीव्हीले काऊन नाही चिठ्ठी?"

मेल्या! मले एक प्रश्न नाही विचारला. नावसुद्धा नाही. बाबा हात जोडून त्यायले फाटकापर्यंत सोडून आले. संपलं माझं.

२० जानेवारी

आज जेवताना बाबांनी एवढंच विचारलं – "बॅग लाल का निळी?"

"लाल."

"हं."

टोमणाच असेल.

२३ जानेवारी

सकाळी दारात बॅग. वर लाल चिठ्ठी, बाबांच्या अक्षरात – 'ला बॅग'. खाली पुण्याचं तिकीट टाचलेलं. एकच.