भिंतीतलं गेट

आबा, गेल्या आठवड्यात मी एका माणसाचा दात पाडला. माणूस परका नाही, माझा मित्र आहे, पलीकडच्या देशातला. आधी त्यानं मला रस्त्यावर आपटलं, छातीवर गुडघा रोवून तोंडावर बुक्के मारले, पायाला धरून फरफटत नेलं, आणि मग मी उठून त्याच्या जबड्यावर ठेवून दिली. माझं नाक अजून सुजलेलं आहे आणि डावा डोळा वांग्यासारखा झालाय. कंपनीला माझ्याकडून एवढंच हवं होतं, की मी त्याच्यावर तक्रार करणार की नाही. हो म्हटलं तर त्याची नोकरी जाणार होती, आणि दोन्हीकडच्या माणसांनी मिळून उभं केलेलं एक काम बंद पडणार होतं. बायकोशी बोलून झालं. मुलगी तर माझं तोंड बघून इथल्या इंग्रजीत म्हणाली, "पप्पा, सो ओल्ड ऑलरेडी, स्टिल फाइट मेह?" तरी डोकं काही थाऱ्यावर येईना, म्हणून तुम्हाला लिहायला बसलो. मारामारीतलं तुमच्याइतकं कळणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

तुम्ही गेलात तेव्हा मी सातवीत होतो, म्हणजे पुढचं तुम्हाला काहीच ठाऊक नाही. मी सिंगापूरला असतो. बुकित पंजांगला फ्लॅट आहे, हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती आहे, रविवारची वंदना सहसा चुकत नाही. पंचशील सुरू झालं की पहिल्याच शीलाला तुमचा आवाज आठवतो. कुणाला इजा करणार नाही, असं तुम्ही घसा मोकळा सोडून म्हणायचात, आणि चहा उकळेपर्यंत कुणाच्या तरी कानाखाली आवाज काढलेला असायचा. मी रसायनं साठवणाऱ्या एका कंपनीत सेफ्टीचं काम बघतो. इथून समुद्राची एक चिंचोळी पट्टी ओलांडली की मलेशिया, जोहोर. तिकडची माणसं अंधारात मोटरसायकली काढून इकडं कामाला येतात, आम्ही सुट्टीला तिकडं किराणा भरायला जातो. दोन सरकारांची पाण्यावरून, टोलवरून अधूनमधून कुरबुर होते, पण तिकडून नळानं इकडं येणारं पाणी थांबत नाही. त्या पट्टीवरच्या पुलावरून रसायनांचे टँकर जातात. एखादा उलटला तर ज्याची गाडी जवळ असेल त्यानं आधी पोचायचं, दुसऱ्यानं मदतीला जायचं, असं आम्ही इकडच्या आणि तिकडच्या दोन कंपन्यांच्या माणसांनी ठरवून घेतलंय. वरच्या साहेबांना विचारत बसायचं नाही, सरळ एकमेकांना फोन. आणि एक नियम सगळ्यांत वरचा. पुलाच्या मध्यावर हद्दीची रेघ आहे. टँकर ज्या बाजूला, त्या बाजूच्या प्रमुखाचा शब्द शेवटचा. तिथं पाहुण्यानं शहाणपण करायचं नाही.

तिकडचा प्रमुख म्हणजेच हा माझा मित्र. गोल पोटाचा, सदा खिदळणारा, मला बॉस म्हणणारा. माझ्या बायकोची शेंगदाण्याची चटणी तो नासी लमाकवर, म्हणजे त्यांच्या नारळाच्या दुधातल्या भातावर, घालून खातो आणि आपल्या आईचीही इतकी चांगली होत नाही म्हणून शपथ घेतो. गेल्या आठवड्यात आम्लाचा एक टँकर कठड्याला घासून त्यांच्या बाजूला कलंडला. खालचा व्हॉल्व्ह गळत होता. आम्ही पोचलो, मी पोशाख चढवला, तोंडावर मास्क, पाठीवर हवेची टाकी, आणि निघालो. तो व्हॉल्व्ह बंद करणं हे माझ्या हातचं काम होतं. मागून तो ओरडला, "उंदुर! उंदुर!" म्हणजे मागे फिर. हा शब्द मला पहिल्या सरावापासून पाठ आहे. मला स्वच्छ ऐकू आलं. पण आपल्याला कुणी हाक मारून थांबवावं हे मला कधी सोसलेलं नाही, आणि हे कुणाकडून आलंय ते वेगळं सांगायला नको. मी पुढं गेलो. मग पाठीमागून हवेच्या टाकीच्या पट्ट्याला हिसका बसला आणि मी उताणा पडलो.

मी लाथा झाडल्या, तेव्हा त्यानं मारलं. मास्कची काच नाकात रुतली. त्यानं मला अग्निशामक गाडीच्या आडोशाला ओढून नेलं, स्वतःचा मास्क काढून माझ्यावर ओरडायला लागला, आणि मी माझा मास्क भिरकावून त्याच्या तोंडावर ठोसा हाणला. तो काही सांगत होता. माझ्या माणसांना एवढंच दिसलं, की परक्या देशाच्या माणसानं आपल्या साहेबाला तुडवलं. ते धावून आले. त्यांची माणसं धावून आली. कुणी कुणाला हेल्मेटनं मारत होतं, कुणी पोशाखासकट लोळत होतं. एका तमिळ पोरानं पाइपाचं पितळी तोंड उगारलं होतं. आणि तेवढ्यात टँकरचं वरचं झाकण उडालं. ड्रायव्हरनं घाबरून वरून पाण्याचे कॅन आत ओतले होते आणि झाकण पुन्हा आवळलं होतं, त्यामुळं आतलं आम्ल उकळून वाफ कोंडली होती. हे त्यानं मलयमध्ये माझ्या मित्राला सांगितलं होतं, आणि तेच तो मला सांगत होता. मी जिथं गुडघे टेकून बसणार होतो तिथला डांबरी रस्ता उकळत होता. आमच्यातल्या एकाच्या मानेवर शिंतोडे उडाले. ज्याला तो मारत होता त्यानंच त्याला उचलून पाण्याखाली धरलं.

आबा, तुम्ही असता तर यातलं काय धरलं असतं आणि काय सोडलं असतं? मला तुमचा तो उन्हाळा आठवतो. तुम्ही कामाला होतात ती रंगाची फॅक्टरी, शेजारची खताची, मध्ये काचा लावलेली उंच भिंत आणि भिंतीत लहानसं लोखंडी गेट. बोअर त्यांच्या आवारात होता. आपली माणसं त्या गेटातून प्यायचं पाणी आणायची, आणि त्यांचं काही मोडलं की तुम्ही जाऊन वेल्डिंग करून द्यायचात. त्यांच्या भंगारातल्या दोन मोडक्या सायकलींची तुम्ही मला एक जोडून दिलीत, ती मी कॉलेजपर्यंत चालवली. त्यांची माणसं गावातली आणि आपली वस्तीवरची, हे सगळ्यांना माहीत होतं, पण गेटाशी त्याची वाच्यता होत नव्हती. मग एक दिवस आई तुमचा डबा घेऊन आली. मी तिच्याबरोबर होतो. तिनं नळावर तांब्या भरला, वळून चार पावलं आली, आणि मागं पंपावरचा माणूस राख घेऊन नळ घासायला लागला. आईनं तांब्या तिथंच ओतला. तुम्ही गेटात उभे होतात.

तुम्ही पान्हा घेऊन गेलात. पहिला फटका, ज्या हातानं त्यानं नळ घासला त्याच हातावर. हाड मोडल्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. तो खाली बसला, तरी तुम्ही थांबला नाहीत. बरगड्यांवर, पाठीवर, आणि प्रत्येक फटक्याला विचारत होतात, "आता काय धुशील? आता काय धुशील?" मग दोन्हीकडून दगड सुरू झाले, सळया आल्या, एकाचा कान फाटून लोंबत होता. आई मला पोटाशी धरून भिंतीला चिकटून उभी होती. मला तुमचा अभिमान वाटला होता. खोटं कशाला बोलू, त्या पहिल्या फटक्याचा अजूनही वाटतो.

दुसऱ्या दिवशी तुम्ही ते गेट वेल्ड केलंत. कडीला, बिजागऱ्यांना, चौकटीला वरपासून खालपर्यंत, जराही फट न ठेवता. आपली माणसं टाळ्या वाजवत होती. पाण्याला आता टँकर येणार होता. "पुन्हा कुणी त्यांच्या दारात गेलं तर तंगडं तोडीन," तुम्ही म्हणालात. आणि मी गेलो. मोठ्या रस्त्यानं वळसा घालून त्यांच्या वॉचमनच्या पोराशी विटीदांडू खेळायला गेलो, तर तुम्ही मला वेल्डिंगच्या केबलनं फोडलंत. आई मध्ये पडली, तिच्या दंडावर वळ उठला. मी रडत नाही म्हणून तुम्ही आणखी मारलंत, आणि रडलो तेव्हा बाहेर जाऊन बिडी पेटवलीत. ती न ओढताच तुम्ही विझू दिलीत, ते मी खिडकीतून पाहिलं. त्याचं काय करायचं ते मला तेव्हा कळलं नाही, आजही कळत नाही.

पाऊस सुरू व्हायच्या आत थिनरच्या पिंपांना आग लागली. आई आणि मी धावत पोचलो तेव्हा पुढचं फाटक ज्वाळांत होतं. आम्ही वळसा घालून खताच्या फॅक्टरीत शिरलो. तिथं त्यांची माणसं त्या गेटावर घण घालत होती. तीच माणसं, ज्यांनी तुमच्यावर दगड टाकले होते. घाव बसला की गेट दणकायचं, चौकटीची माती झडायची, आणि गेट तसंच. आतून तुमचा आवाज येत होता. तुम्ही शिव्या देत होतात. कुणाला ते कळत नव्हतं, बहुतेक लोखंडाला. शेवटी पंपावरचा तो माणूस, हात प्लास्टरमध्ये गळ्यात अडकवलेला, शिडी घेऊन आला. त्यानं काचांवर पोती टाकली, वर चढला, आणि एका हातानं तुम्हाला खांद्याला धरून ओढून घेतलं. तुमची कातडी त्याच्या हातात आली. तुमच्याबरोबरचे दोघे भिंतीपर्यंत पोचलेच नाहीत. त्यांच्या बायका गेटाच्या या बाजूला उभ्या होत्या.

त्या माणसाला उपरती झाली होती असं मी म्हणणार नाही. त्यानं तुम्हाला ओढून काढलं, आणि घरी जाऊन बहुधा डोक्यावरून पाणीही घेतलं असेल. दोन्ही खरं असू शकतं, आणि मला त्या दोन्हींचा राग येतो. सिव्हिलमध्ये तुम्ही शुद्धीवर होतात तेवढ्यात मला जवळ बोलावलंत. आई कशी आहे हे विचाराल, त्या दोघांचं विचाराल, असं मला वाटलं. तुम्ही विचारलंत, "जोड सुटला नाही ना?" मी नाही म्हणालो. तुमच्या भाजलेल्या तोंडावर समाधान दिसलं, आबा. त्या समाधानाची मला जेवढी चीड आली तेवढी त्या केबलचीही आली नव्हती.

शनिवारी मी जोहोरला त्याच्या घरी गेलो. चटणीची बरणी नेली होती. त्याच्या बायकोनं ती दारातच घेतली आणि म्हणाली, "ही कॅनॉट च्यू," म्हणजे त्याला चावता येत नाही. आत ये म्हणाली नाही. तोच बाहेर आला, ओठ सुजलेला, पुढचा दात गेलेला, आणि माझ्या डोळ्याकडं बघून हसायला गेला तर कळवळला. मी म्हटलं, "तू मला दगड मारून हाक मारायचीस. सरळ जीव घ्यायला निघालास." तो म्हणाला, "बॉस, माझी हद्द, माझा शब्द. तू ऐकत नव्हतास. तू मेला असतास तर तुझ्या बायकोसमोर मी काय तोंड घेऊन उभा राहणार होतो? पुन्हा तसं केलंस तर पुन्हा मारीन लाह." मग पायरीवर बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "नोकरी गेली तर पोरीचं कॉलेज थांबेल. पण तुला जे खरं वाटतं ते सांग." त्यानं माझी विनवणी केली असती तर मला सोपं गेलं असतं.

आज सकाळी वन-नॉर्थ भागातल्या हेड ऑफिसात दोन साहेबांपुढं बसलो. त्यांच्याकडं कुणीतरी फोनवर काढलेला व्हिडिओ होता, तो त्यांनी मला दाखवला. मी सांगितलं, त्याची हद्द होती, त्यानं मागे फिर म्हटलं, मला ऐकू आलं आणि मी फिरलो नाही. त्यानं मारलं म्हणून मी इथं बसलोय. मी मारलं त्याला काहीच कारण नव्हतं. तक्रार करायची तर माझ्यावर करा. मोठे साहेब म्हणाले, ठीक आहे, तक्रार नको, पण हे आपसातलं फोनाफोनीचं काम आता बंद. दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या अंगावर जातात, उद्या कुणी मेलं तर? जे काय विचारायचं ते वरून विचारा. आणि आबा, माझं डोकं असं फिरलं, की टेबलावर मूठ आपटून मी तुमच्या गेटाची गोष्ट सांगितली. नळ, पान्हा, घण, शिडी, त्या दोघी बायका, सगळं. माणसं एकमेकांची डोकी फोडतात, साहेब, म्हणून दार जोडून टाकायचं नसतं, असं म्हणालो. इंग्रजीत ते नीट आलं नाही. दुसऱ्या साहेबांनी व्हिडिओ बंद केला. शेवटी मोठे साहेब म्हणाले, चालू ठेवा, पण तुमची माणसं आवरा, आणि आधी स्वतःला आवरा.

मी पुलावरच्या माझ्या माणसांना कळवलं, त्यालाही कळवलं. त्यानं उत्तरात एक हसरं तोंड पाठवलं, सगळे दात असलेलं. आता घरी बसून हे लिहितोय, आणि लिहून झालं की बायकोलाही दाखवणार नाही. कारण साहेब लिफ्टपर्यंत माझ्याबरोबर चालत आले होते. बटण दाबून त्यांनी विचारलं, "ज्यानं ते गेट वेल्ड केलं, तो माणूस कोण होता?" मी दाराकडं बघत म्हणालो, "आमच्या वस्तीतलाच एक होता, सर. मला नीटसा आठवत नाही."