तिच्या लॅपटॉपची चिप

सोमवार, ३ मार्च
बोलून बसलो! ती आली होती — मागे चार्जर दुरुस्त करून नेलेली, अ‍ॅनिमेशन शिकणारी ती. शुक्रवारी फिल्म जमा करायचीय आणि तिचा लॅपटॉप एकेका दृश्याला धापा टाकतो. मामा म्हणाला, ग्राफिक्सची चिप बोर्डावरच सोल्डर केलेली, ती बदलण्याच्या फंदात पडू नका, नवीन लॅपटॉप घ्या. तिचं तोंड उतरलं. मला बघवेना. म्हटलं, त्याच जातीची वरची चिप बसते, मी बसवतो.

ती गेल्यावर मामानं चष्म्यावरून बघितलं. "कॉलेजही असंच सोडलंस. तोंडातून निघालं म्हणून."

मी स्क्रू-ड्रायव्हर आपटला. दुकान त्याचं, ड्रायव्हरही त्याचाच.

मंगळवार
पडदा फुटलेल्या एका भंगार लॅपटॉपात वरची चिप सापडली. उतरवली. तिच्या पोटाखाली सोल्डरचे नवे गोळे बसवले, मोहरीहून बारीक. तीनदा गोळे सांडले. उपाशी होतो म्हणून. — खोटं. तिच्यामुळेच.

बुधवार
तिची जुनी चिप उचलली. घाईत चिमटा घसरला, चिपचा कोपरा उडाला. असू दे, ती कुणाला हवीय! नवी बसवली. बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा काळाच.

मामाला विचारणार नव्हतो. तोच पुटपुटला, की मशीनला जुनी चिप माहीत आहे, नवीन कशी ओळखणार, बोर्डातली मूळ आज्ञावली, फर्मवेअर, बदल. आणि बाहेर निघून गेला, मला आभार मानावे लागू नयेत म्हणून.

गुरुवार, सकाळ
नवं फर्मवेअर भरलं. पडदा उजळला! नाचलोच. आणि लगेच निळी पाटी — डिस्क कुलूपबंद आहे, चावीचे आकडे टाका.

फर्मवेअर बदललं की मशीनला वाटतं चोर शिरला, ते डिस्क बंद करून घेतं. म्हणून मामा प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी विचारतो, डिस्कला कुलूप आहे का, चावी कुठे आहे? कुलूप काढून घेतो, मगच हात लावतो. सोमवारी मी विचारलंच नाही. तिच्या फिल्मबद्दल विचारत होतो, गाढव! फिल्म आत. दुसरी प्रत नाही, हे तिनंच हसत सांगितलेलं. सगळं पूर्ववत करावं, तर जुन्या चिपचा कोपरा उडालेला.

मामा ओरडेल वाटलं. म्हणाला, "तिला फोन कर. तूच. आणि खरं सांग."

गुरुवार, दुपार
सांगितलं. ती चिडली असती तर बरं झालं असतं. नुसतं "येते" म्हणाली.

ठरलं — डिस्क उघडली तर मनातलं आजच बोलून टाकायचं. मामासमोर बोलावं लागलं तरी.

गुरुवार, संध्याकाळ
चावी तिच्याकडे नव्हती. तिनं फोन लावला. "अहो, साखरपुड्यानंतर हा लॅपटॉप तुम्हीच चालू करून दिला होतात ना? चावी तुमच्या अकाउंटवर असेल. वाचून दाखवा."

तो पलीकडून आकडे सांगत गेला, ती मोठ्यानं म्हणत गेली, मी टाइप करत गेलो. मामा आमच्याकडे पाठ करून उभा. कुलूप उघडलं. फिल्म सुरू झाली, कुठेही न अडखळता.

"झालं!" ती म्हणाली. फोनमध्ये.