एक्केचाळीस नंबरची सेवा

४ फेब्रुवारी, मंगळवार

यादी संपली एकदाची. सगळ्या सरकारी खात्यांच्या मिळून त्रेसष्ट ऑनलाइन सेवा. आता कुणी आपलं घोडं पुढे दामटायचं नाही — एका खात्याने विचारायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं, आणि प्रत्येक सेवेपुढे मालकाचं नाव हवं. मालक नसेल तर सेवा बंद. नियम माझाच. साहेबांना फार आवडला.

एक्केचाळीसपुढे मात्र रकाना रिकामा. अपंगत्वाच्या दाखल्याचा नंबर पाठवला की दाखला खरा की खोटा ते ही सेवा सांगते, 'हो' किंवा 'नाही'. अकरा खाती तिला विचारतात. मालक कोण म्हटलं की अकराही कानावर हात ठेवतात.

६ फेब्रुवारी

ही सेवा वेडी आहे. दहाच्या आधी उत्तर नाही, साडेपाचनंतर नाही, एक ते दोन गप्प. प्रोग्रामर म्हणतो, "मॅडम, मशीन डबा खायला जातं." हसून हसून पोट दुखलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

सकाळी साडेनऊला एक्केचाळीस बंद केली. कोण ओरडतं ते बघायचं. जो ओरडेल तो मालक. संध्याकाळपर्यंत कुणी हूं की चूं केलं नाही.

११ फेब्रुवारी

आई ओरडली.

माझ्या धाकट्या बहिणीची सरकारी मदतनीस आज आलीच नाही. धाकटीला स्वतः कूस बदलता येत नाही, रोज सकाळी उचलून खुर्चीत बसवावं लागतं. आईने एकटीने उचलायला घेतलं आणि दोघी खाली आल्या. तासभर तशाच फरशीवर. मग कसाबसा फोन. "ऑफिसवाले म्हणतात, दर सोमवारी दाखला तपासून आला की मगच आठवडाभर बाई पाठवतात, आणि या सोमवारी हिचा तपासूनच आला नाही. नऊ वर्षांत असं कधी झालं नव्हतं गं."

दाखला तपासतात कुठे? एक्केचाळीसमध्ये. मी बंद केली. मी — सख्खी बहीण! धावत जाऊन सुरू केली.

१२ फेब्रुवारी

मदतनीस आली. आईची कंबर धरली आहे.

प्रोग्रामरने माग काढला. जुनी इमारत, दुसरा मजला, रेकॉर्ड रूमच्या मागची खोली. मशीन बघायला म्हणून गेले, तर मशीन नाहीच. एक बाई! टेबलावर साधा कॉम्प्युटर, भिंतभर रजिस्टरं. पडद्यावर नंबर येतो, बाई उठतात, रजिस्टर काढतात, पान बघतात, 'हो' टाइप करतात. अकरा खात्यांची सेवा ती ही. मी दारातच उभी राहिले.

"परवा दिवसभर एकही नंबर नाही," बाई म्हणाल्या. "म्हटलं, मला न सांगताच रिटायर केलं की काय." नऊ वर्षांपूर्वी कुणीतरी सांगितलं होतं, मशीन येईपर्यंत तात्पुरतं बसा.

१३ फेब्रुवारी

साहेबांचे डोळेच पांढरे झाले. सगळी रजिस्टरं स्कॅन करायची, एक तारखेपासून मशीन उत्तर देणार. तशाही बाई अठ्ठावीसला रिटायर होतायत. सुटलो.

२४ फेब्रुवारी

स्कॅनिंग झालं. बाराशे चौदा पानं नाहीतच. कधीतरी गच्चीवरची टाकी फुटली होती, लगदा झाला. पण एक्केचाळीसने त्यातल्या एकालाही 'नाही' म्हटलेलं नाही.

बाईंना विचारलं, पान नसेल तर काय लिहायचात?

"हो."

"न बघता?"

"काय बघू? पान आपल्याकडून भिजलं. माणूस कुठे भिजलाय?"

अशी तळपायाची आग मस्तकात गेली माझी. नऊ वर्षं सरकार चालवतंय कोण? वाट्टेल ते बोलले. बाई ऐकून घेत होत्या, मग पडद्यावर नंबर आला आणि उठल्या. घरी येऊन रिपोर्ट लिहायला घेतला. एकालाही सोडणार नाही.

२५ फेब्रुवारी

रिपोर्टला पान नसलेल्यांची यादी जोडत होते. सातशे दोन नंबरवर धाकटी.

तीन वेळा ताडून पाहिलं. तिचं पान नाही. मूळ दाखला घर बदलताना हरवला, तो आम्ही कधी शोधलाही नाही. मशीन सोमवारी 'नाही' म्हणेल, आणि मंगळवारी आई पुन्हा तिला उचलायला जाईल.

२७ फेब्रुवारी

बाईंकडे गेले. माफी मागायची होती, जमलं नाही. धाकटीचा नंबर तेवढा सांगितला. "हा ना? दर सोमवारचा पहिला," म्हणाल्या. "कोण आहे हो?"

मी म्हटलं, असंच विचारलं.

२८ फेब्रुवारी

रिपोर्ट दिला, पण वेगळा. पान नसलेल्यांच्या घरी जाऊन डॉक्टर तपासतील, तोपर्यंत उत्तर माणूसच देईल. बाराशे चौदा घरं म्हणजे वर्ष सहज जाणार. साहेब म्हणाले, "आणि मालक कोण?" रकान्यात माझं नाव लिहिलं. बहिणीचं सांगितलं नाही.

"तात्पुरतं," साहेब म्हणाले.

३ मार्च, सोमवार

बाईंच्या खुर्चीत बसले. दहाला पहिला नंबर आला. उठायची गरज नव्हती.

हो.