वाळूवरची माझी जागा

मंगळवार, संध्याकाळ. हर्णे.

या बायांना वाळू चावायची हौस आहे काय? खेडचा दुकानदार सुका जवळा परत पाठवतो, दाताखाली कच येते म्हणतो, तरी आमच्या गटाला तो वाळूवरच पसरायचाय. आंजर्ल्याच्या बायांचा गट जाळीचा मांडव द्यायला तयार आहे. दोन्ही गटांनी जवळा त्यावर सुकवायचा नि एकत्र विकायचा. यात वाईट काय?

आज सभेत माझी धाकटी जाऊ सुलू म्हणाली, "मांडव कुणाच्या जागेवर घालायचा, वैनी? वाळूवरची माझी सुकवायची जागा सासूबाईंनी दिलेली आहे."

मी म्हटलं, "सासूबाई गेल्या, वाळू तेवढी राहिली."

सगळ्या हसल्या. सुलू नाही हसली. "मग तुमच्याच जागेवर घाला."

माझी जागाही सासूबाईंनीच दिलेली. दुसऱ्यांच्या जागेवर मांडव दिसत होता मला, स्वतःच्या नाही.

घरी येऊन जेवायला बसले. जवळा माझ्याच हातचा, आणि पहिल्याच घासाला कच.

पुरे झालं. मांडव माझ्या जागेवर. उद्या सुलूला तोंडावर सांगते: जागा मी दिली, आता तुझा जवळा त्यावर येणार की नाही, शुक्रवारी लिलावात ओला जवळा घ्यायच्या आधी बोल.