चौदाव्या मिनिटाची धाप

भिसेगाव, मंगळवार, सायंकाळ

खालापूरच्या अंडी उबवणी केंद्रातील जनरेटरवर मी बसवलेल्या दूरनिरीक्षण पेटीने आज प्रथमच पूर्ण नोंद पाठवली. चारच्या सुमारास तिथली वीज गेली, जनरेटर सुरू झाला आणि इथे, माझ्या टेबलावरच्या पडद्यावर, यंत्राचा वेग, तापमान, तेलाचा दाब सेकंदासेकंदाला उमटू लागला. अभिमान वाटला, तो लपवण्याचे कारण नाही.

मग चौदाव्या मिनिटाला वेगाची सरळ रेषा दोन सेकंद खचली आणि सावरली.

जनरेटर चालवणाऱ्या हरिभाऊंच्या वहीत प्रत्येक नोंदीखाली हेच वाक्य आहे: 'चौदाव्या मिनिटाला धाप लागली.' यंत्राला धाप? मी तो अडाणीपणा ठरवला होता. त्यांना कामावरून काढावे, अशी शिफारसही कालच लिहून ठेवली. पाठवायची तेवढी राहिली.

लगेच फोन केला.

"हरिभाऊ, आत्ता वेग बसला, तुम्हाला कळलं?"

"तुमच्या पेटीला आज कळलं काय, मॅडम? आमी कवाधरनं लिवतोय. वही कुणी वाचीतच नाय!"

"पण कळतं कसं?"

"पाय जमिनीवर असतो नं. तळव्याला लागतं."

दोन सेकंद. तळव्याला! आणि मी, इतकी शिकलेली...

बहुधा डिझेलच्या नळीत हवा शिरते आहे. एखाद्या दुपारी यंत्र बंदच पडले असते आणि उबेतली सगळी अंडी थंड झाली असती.

शिफारस फाडली. उद्या खालापूरला जाऊन यंत्र सुरू करेन आणि चौदाव्या मिनिटाला, चपला काढून, हरिभाऊंच्या शेजारी उभी राहीन.