परतीचा माल

७ जानेवारी
पुण्याहून अंधारातच निघालो. गाडी भाची सलोनी चालवत होती, मागे तिची आई रुपीबाई, म्हणजे माझी भावजय. दहाच्या आत समुद्र दिसला. रुपीबाईने तो जन्मात प्रथमच पाहिला. म्हणाली, "बाई, एवढं पाणी इथं, अन् आपल्या फुलसावंगीले टँकर!" पोटभर हसलो.

जेवण करून बंदरावरचं छोटं सागरी संग्रहालय पाहिलं. दोनच खोल्या. नांगर, होकायंत्र, गलबतांच्या प्रतिकृती. पाट्यांवर धूळ होती. रुमालाने पुसून वाचल्या. कोपऱ्यात मिठाचं एक उघडं पोतं होतं. मिठाचं गलबत बंदराच्या तोंडाशी बुडालं, खलाशी सगळे गेले, हे पोतं तेवढं कोरडं किनाऱ्याला लागलं, असं पाटीवर होतं.

मी जन्मभर इतिहास शिकवलेला, गप्प बसवेना. सलोनीला सांगितलं, आपले बंजारे पूर्वज असंच मीठ बैलांवर लादून वऱ्हाडात आणायचे. घेणाऱ्याने चिमूट जिभेवर ठेवली की सौदा पक्का. माल पोचल्यावर त्याने "पावलं", म्हणजे मिळालं, असं म्हणेपर्यंत तांडा दारातून हलायचा नाही. आणि परतताना बैल कधी रिकामे न्यायचे नाहीत. सांगता सांगता मी त्या पोत्यातली चिमूट जिभेवर ठेवून दाखवली. रुपीबाई ओरडली, "काहून चाटून राह्यल्या? सौदा झाला ना मंग!"

दाराशी एक म्हातारा रखवालदार बसला होता. माल कुठे पोचवायचा, असं त्याने विचारलं. मीही थट्टेने पुरा पत्ता दिला. फुलसावंगी, तांड्यामागचं नवं घर. त्याने मान हलवली. हसला मात्र नाही.

१० जानेवारी
घरी पोचले. निवृत्तीनंतर बांधलेलं घर, राहायला येऊन दोनच महिने झालेत. एकटीला पुरेसं आहे. अंगणात तूर वाळत घातली. उंबऱ्यावर ओंजळभर खडेमीठ सांडलेलं होतं. तांड्यातल्या पोरांचा चाळा असेल. झाडून टाकलं, आणि पोरांच्या आयांना चार शब्द सुनावले.

१२ जानेवारी
आज मीठ उंबऱ्याच्या आत होतं. घमेलंभर. रात्री कडी मी स्वतः लावली होती. रुपीबाईने तोंडाला पदर लावला आणि म्हणाली, "तुमचा माल येऊन राह्यला, बाई." तिला झापलं. तरी जाताना ती मिठावर पाय न देता, उडी मारून गेली.

१४ जानेवारी
संक्रांत. तिळगूळ तोंडात खारट लागला. माठातलं पाणीही खारट आहे. मागच्या खोलीत भिंतीला टेकून मिठाचा ढीग आहे, माझ्या गुडघ्यापर्यंत. सलोनीला संग्रहालयात फोन करायला लावला. तिथे रखवालदार कधी नव्हताच, असं त्यांनी तिला सांगितलं. पोत्यातलं मीठही गेले काही दिवस खाली खाली जातंय, त्यांना वाटतं उंदीर असावेत.

मी अंधश्रद्धाळू नाही. उद्या सकाळी घर बंद करून यवतमाळला जाते.

१५ जानेवारी
निघता आलं नाही. दाराला आतून मीठ चढलंय, दगडासारखं. कडी दिसत नाही. पहारीने फोडलं, जेवढं फोडलं तेवढं डोळ्यांदेखत पुन्हा भरलं. खिडक्यांच्या गजांमध्येही तेच. उजेड पांढरा, गढूळ येतो.

दुपारी रुपीबाई आली. दाराजवळून तिचा आवाज स्पष्ट आला. ती फोनवर सलोनीला सांगत होती की दार सताड उघडं आहे, अंगणात तूर तशीच पडली आहे, अन् बाई घरात कुठंच नाही.

मी हाताच्या अंतरावरून ओरडत होते. ती आत आली. सगळ्या खोल्या फिरली. मला तिच्या चपला वाजताना ऐकू आल्या. माझ्या अगदी जवळून गेली —

१६ जानेवारी
फोन लागत नाही. मीठ कमरेपर्यंत. ओठ फुटलेत. दिवसाउजेडी बाहेर माणसं बसल्याची चाहूल लागते. बोलत नाहीत. कपड्यांतून पाणी ठिबकतंय, एवढंच.

त्यांना माझ्या तोंडून तेवढा एक शब्द हवा. तो म्हटला तर माल माझा झाला. नाही म्हटला तर ते हलणार नाहीत, आणि मीठ —

पहारही आता मिठाखाली.

१७ जानेवारी
म्हटलं. मोठ्याने, वर्गात हजेरी घ्यायचे तशी. पावलं.

मीठ थांबलं. दारावरचं ढासळलं, कडी मोकळी झाली. बाहेर ऊन. तुरीचा वास. देवा —

कपडे झटकून मग निघते. कोणी असं पाहायला नको.

थोड्या वेळाने
दार उघडलं. ते गेलेले नाहीत. अंगणात रांगेने उभे आहेत, ओलेचिंब खलाशी, चिखलाचे पाय, सगळ्यांत पुढे तो म्हातारा. मी म्हटलं, माल पावला, आता जा. तो म्हणाला, जातो बाई. मग तुरीकडे बोट केलं मी, म्हटलं ती न्या, सगळी न्या. त्याने तिकडे पाहिलंही नाही.

मीच सांगितलं होतं त्याच्यासमोर. परतताना रिकामं —

दार लावलं. कडी लागत नाही. फटीतून दिसतं, संग्रहालयातलं ते पोतं, आता रिकामं, झटकतायत. तोंड रुंद करून धरलंय. उंची मोजून घेतल्यासारखं माझ्या खांद्याला लावून —

आत कसे —