खंडेनवमीला पुजलेला टेस्टर

सिडको, नाशिक
कार्तिक शुद्ध पंचमी

तीर्थरूप गेणूदाजी यांच्या चरणी,

सोमनाथचा दंडवत. सगुणाअक्कास नमस्कार सांगावा. परवा भाऊबीजेला इगतपुरीस येऊन गेलो तेव्हा तुमच्या सगळ्यांच्या तब्येती डोळ्यांनी पाहिल्याच आहेत, तरी पत्रात विचारायची पद्धत आहे म्हणून विचारतो : अक्काचा गुडघा कसा आहे, तुमचा खोकला कसा आहे, आणि भातकापणीला माणसं मिळाली का? (मिळाली नसतील तर मला बोलावू नका, माझी कंबर धरली आहे.) इकडे सर्व खुशाल आहेत, मी सोडून. आता तुम्ही म्हणाल, परवा शेजारी बसून बासुंदी प्यायला आणि आज पत्र कसलं पाठवतो? तर दाजी, परवाच बोलायचं होतं, पण आमची ही, उज्वला, तुमच्या ओट्यावरून हलेल तर शपथ. फोनवर बोलावं तर तिचे कान, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहावं तर तिचे डोळे. पत्राचं तसं नसतं. दुसऱ्याचं पत्र आपल्या घरात कोणी वाचत नाही.

तुम्हाला माहीतच आहे, आमच्या हर्षालीला सातवा महिना आहे. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. मी पाळणा माळ्यावरून काढला, त्याला दोन्ही बाजूंनी बेअरिंग बसवली, आता तो बोटानं ढकलला तरी पाच मिनिटं आवाज न करता हलतो. (रिकामा हलवू नये म्हणतात, म्हणून मी आत गव्हाची पिशवी ठेवून हलवतो.) पण पोरीनं अट घातली. म्हणाली, "पप्पा, घरात धूर असेल तर मी येणार नाही, नाशिकरोडला सासरीच राहीन." तुळशीचं लग्न लागलं की ती येऊन घर हुंगणार आणि मग ठरवणार. तिकडे आमच्या विहीणबाई वत्सलाबाई टपूनच बसल्या आहेत, कारण बाळ त्यांच्या घरात जन्मावं ही त्यांची पहिल्यापासूनची इच्छा. आणि मी तेहतीस वर्षं सिगरेट ओढलेला माणूस. दाजी, तुम्हाला खोटं कशाला सांगू, त्या पाळण्याकडे पाहिलं की मी उठून गव्हाच्या पिशवीला एक झोका देतो.

आता पुढचं वाचताना रविराजवर रागावू नका. तुमचा मुलगा गुणी आहे. गणपतीत दुबईहून आला तेव्हा मामाची अडचण त्याला बघवली नाही. जाताना हळूच माझ्या हातात एक काळी नळी ठेवली. म्हणाला, "मामा, ही इलेक्ट्रिकची सिगरेट. बटण दाबायचं आणि ओढायचं. धूर नाही, नुसती वाफ." कलिंगडाच्या वासाची! मी त्याच दिवशी सिगरेटचं पाकीट खिडकीतून फेकलं आणि हर्षालीला फोन करून छाती पुढे काढून सांगितलं, की तुझ्या बापानं धूर सोडला. शब्दात खोट नव्हती. मनात होती, पण मन कोणी हुंगत नाही.

राहता राहिली उज्वला. तिनं दुसऱ्याच दिवशी विचारलं, अहो, हे काय? आयुष्यभर सातपूरच्या कारखान्यात टूलरूमला फिटर होतो, तोंडातून आपोआप निघालं, "टेस्टर आहे. नवीन प्रकारचा." तिनं मान डोलावली. मीही तो टेस्टर इमानानं हत्यारांच्या पेटीत ठेवू लागलो. कोणी पाहिलं तर पेटी उघडून बसलेला मेकॅनिक दिसावा, इतकी सोय. दिवसातून चाळीस वेळा मी पेटी उघडत होतो. शेजारच्या राखीवहिनींना वाटलं मी दुरुस्तीचा धंदा काढला, त्या मिक्सर घेऊन आल्या.

इथपर्यंत ठीक होतं. मग आली खंडेनवमी. तुमच्याकडेही हीच रीत, पण आमच्या घरात ती जरा कडक आहे : घरातलं प्रत्येक हत्यार पुसून, तेलाचा हात देऊन, पाटावर मांडून पुजायचं, आणि एकदा पूजेला बसलेलं हत्यार दसऱ्याचं सोनं लुटून होईपर्यंत उचलायचं नाही. मी आंघोळीहून येतो तो उज्वलानं पाट मांडलेला. व्हर्नियर, पक्कड, तीन कानशी, हातोडी, आणि मधोमध, सगळ्यांत चकचकीत म्हणून मानाच्या जागी, माझा टेस्टर! त्याला झेंडूची माळ. नेमकी त्याच्या बटणावर हळदीकुंकवाची ओली बोटं, वर अक्षता. टेस्टर पूजेतून काढा म्हणावं तर कारण सांगावं लागतं. मी नारळ फोडला, आरती ओवाळली, आणि दाजी, आयुष्यात पहिल्यांदा माणसानं आपल्याच व्यसनाला साष्टांग नमस्कार घातला. वर दोन दिवस त्याच्याकडे नुसतं बघत बसलो. उज्वला येता-जाता म्हणायची, किती भक्तिभावानं बसलाय हो.

दसऱ्याला आपट्याची पानं वाटून घरी आलो, चपला काढायच्या आधी टेस्टर उचलला, बटण दाबलं, तर बटण हलेना. हळद आत उतरून सिमेंट झाली होती. टाचणीनं कोरलं, शिलाई मशीनचं तेल सोडलं, टूथब्रशनं घासलं. शेवटी चिमट्यानं उचकटलं तर बटणाचे दोन तुकडे. नवीन बटण घ्यावं म्हणून एमजी रोडला गेलो. एका दुकानदारापुढे नळी ठेवली. त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे, मग माझा हात धरून ती नळी माझ्याच खिशात घातली. म्हणाला, "काका, आधी आत ठेवा ते. बंदी हे याच्यावर, कायद्यानं. सुटे भाग मागता? बाटलीबंद पाणी घ्या आणि निघा." मी पाणी घेऊन निघालो. साठीला आलेला माणूस, खिशात बंदीचा माल, आणि बाहेर चौकात हवालदार. मी त्याला उगाचच नमस्कार केला. त्यानंही केला. घरी येईपर्यंत सदरा भिजला.

तेव्हा बटण घरीच करायचं ठरवलं. तुम्ही रेल्वेत सिग्नल फिटर, मी टूलरूमचा, आपल्यासारख्यांनी बटणासाठी दुकान शोधणं हीच नाचक्की. अंबडला लखनच्या वर्कशॉपात जाऊन (तो आमच्या खात्यातलाच, आता स्वतःचा लेथ आहे) पितळेचं बटण काढलं. असं बटण की बघत राहावं. लखननं विचारलं कशाला पाहिजे, मी सांगितलं पाळण्याला. खाली स्प्रिंग बसवली बॉलपेनची. आणि इथेच माझा अंदाज चुकला.

कोजागिरीनंतरच्या रविवारी हर्षालीचं डोहाळजेवण होतं, तिच्या सासरी. हिरवी साडी, फुलांचे दागिने, पोर अशी दिसत होती की माझे डोळे भरून आले. मी ओवाळायला वाकलो. पेनची स्प्रिंग मऊ, पितळेचं बटण जड, वाकताना खिशातल्या खिशात ते आपोआप दाबलं गेलं आणि नळी तापली. माझ्या सदऱ्याच्या खिशातून, दाजी, पंचवीस बायकांच्या देखत, कलिंगडाची वाफ निघू लागली. मी खिसा हातानं दाबून धरला तर ती गळ्याशी निघाली. वत्सलाबाईंनी नाक वर केलं. "लय गोड वास हाय हो, ही कोणची उदबत्ती म्हणायची?" तेवढ्यात उज्वला शांतपणे म्हणाली, "आमच्याकडची आहे. यांनी नवीन आणलीय." विहीणबाईंनी दोन पुडे मागितले आहेत. ते कुठून आणायचे हा वेगळाच प्रश्न. पण हर्षालीनं माझ्याकडे एकदाच पाहिलं, आणि ते बघणं मला अजून बोचतं.

घरी आलो आणि शपथ घेतली की आता बटण चुकून दाबलं जाता कामा नये. स्प्रिंगांचा डबा काढला. एरवी त्यात पन्नास प्रकार असतात, या वेळी जाड, कडक तेवढ्याच सापडल्या. (वयानं नजर कमी झाली की काय कळत नाही.) त्यातली शिलाई मशीनच्या दट्ट्याची स्प्रिंग कापून बसवली. चुकून दाबलं जाण्याचा प्रश्न मिटला. मुद्दाम दाबायचा सुरू झाला. एका अंगठ्यानं ते हलत नाही. दोन अंगठ्यांनी दाबावं तर नळी तोंडात धरायला हात उरत नाही. बटणाच्या कडा कानशीनं अर्धा सूत उतरवल्या, फरक नाही. ग्रीस लावलं, तर अंगठा घसरून भिंतीवर आपटला. मग गॅलरीतल्या, लोखंड पकडायच्या वाइसमध्ये नळी आडवी धरली, दांडा फिरवून बटण दाबलं, आणि आईला लुचणाऱ्या वासरासारखा वाकून तोंड लावलं. एक झुरका मिळाला. त्याच वेळी कंबर धरली. राखीवहिनी त्यांच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी मिक्सर परत नेला.

त्या दिवसापासून नळी पेटीत पडून आहे. कंबर वाकत नाही, अंगठ्याला घट्टा पडलाय, आणि जगात स्वतःच्या हातानं केलेल्या वस्तूनं आपल्याला हरवावं याच्यासारखी चीड नाही. म्हणून ही विनंती : तुमच्या त्या सिग्नलच्या सामानाच्या डब्यात मध्यम ताणाची, पेनपेक्षा कडक आणि मशीनपेक्षा मऊ, करंगळीच्या नखाएवढी स्प्रिंग असेलच. ती पाकिटात घालून पाठवावी. अक्काला सांगू नये. रविराजला तर मुळीच नको, तो मामाच्या कामावर हसेल.

थोर तुम्ही, धाकटा मी, चुकलं तर कान धरावा, पण स्प्रिंग पाठवावी.

तुमचा मेहुणा
सोमनाथ

ता. क. : सही करून उठलो आणि हर्षालीचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं बोलली, मग एकदम विचारलं, "पप्पा, खरं सांगा, किती दिवस झाले?" मी नेहमीप्रमाणे काहीतरी ठोकून देणार होतो, पण मनात मोजलं, तर वाइसच्या त्या झुरक्याला आज अकरा दिवस झाले. "अकरा," म्हणालो. तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला आणि ती म्हणाली, "तुळशीच्या लग्नानंतर बॅग घेऊनच येते." दाजी, मी पत्र पुन्हा वाचलं. हे बटण बिघडलेलंच नाही. माझ्या अख्ख्या नोकरीत इतकं चोख काम माझ्या हातून झालं नसेल. तेव्हा नळीसाठी स्प्रिंग नको.

ता. क. दुसरा : स्प्रिंग नको असं नाही. पाळण्याला एक मऊ स्प्रिंग लावली तर बाळाला झोका छान बसेल. तेव्हा वर लिहिलेल्या मापाचीच पाठवा. पाकीट नीट चिकटत नाही, उज्वलानं बाळंतिणीच्या लाडवांसाठी डिंक आणलाय, तो तिच्याकडून मागून घेतो.

ता. क. तिसरा : दाजी, नमस्कार करते. उज्वला. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, तेव्हा उघडंच होतं. तीस वर्षं यांच्या घरात टेस्टर पाहतेय, एकालाही कलिंगडाचा वास आला नाही. खंडेनवमीच्या हळदीत याच डिंकाचं पाणी होतं, आणि देवासमोर केलं म्हणून देवाची माफी मागून झाली आहे. यांच्या स्प्रिंगांच्या डब्यातल्या मऊ स्प्रिंगा माझ्या तांदळाच्या डब्यात आहेत. हे यांना कळू देऊ नका. आपल्या कारागिरीनं सुटलो असं त्यांना वाटतंय, ते तसंच राहू द्या, फार खूश आहेत. रोज गव्हाची पिशवी झोपवतात. फक्त पाळण्याच्या नावानं मागितलेली ती मऊ स्प्रिंग तेवढी पाठवू नका. माणूस चांगला आहे, पण फिटर आहे.